महारोहिणीचे दफ्तर

इ. स. १७६० च्या ऑक्टोबर महिन्याच्या २५ तारखेस, म्हणजे इकडे अहमदशहा अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून भाऊसाहेबांच्या फौजेच्या पिछाडीस येऊ लागला होता त्याच आठवड्यात, लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज नित्यक्रमाप्रमाणे सकाळी सहाला उठला, चॉकलेटचा पेला घेऊन शौचकूपाकडे गेला, आणि थोड्याच वेळात काही जड वस्तू पडल्याचा आवाज ऐकून खिदमतगार आत धावला तेव्हा शहात्तर वर्षांचा तो राजा जमिनीवर निश्चेष्ट पडलेला होता. राजवैद्य फ्रँक निकल्स यांनी देह उघडून पाहिला, तेव्हा हृदयाभोवतीच्या पिशवीत सुमारे अर्धा लिटर गोठलेले रक्त साठून हृदय त्याखाली दबलेले आढळले; आणि हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, म्हणजे महारोहिणीच्या, आतल्या अंगास सुमारे दीड इंच लांबीची आडवी चीर पडली असून तिच्यातून रक्त बाहेरच्या पदराखाली शिरलेले दिसले. निकल्स यांनी हा सर्व तपशील पत्ररूपाने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस कळविला आणि तो सोसायटीच्या कार्यवृत्तात छापला गेला. ज्या विकाराला आज जगभरचे डॉक्टर ‘एऑर्टिक डिसेक्शन’ म्हणतात, त्याचे हे अगदी आरंभीच्या काळातील नेमके वर्णन होय.

या पत्रात उपाय नाही, औषध नाही, वैद्याचे समर्थनही नाही. काय दिसले एवढेच आहे. पण ते मापासकट आहे. महारोहिणीच्या विकारांचा आणि त्यांवरील शस्त्रक्रियांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास वाचीत असता माझी अशी खात्री होत गेली आहे की, या क्षेत्रात जी प्रगती झाली ती हातांच्या कसबाने जितकी झाली तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, अशा नोंदींनी झाली. आणि त्यांतही यशाच्या नोंदींपेक्षा रोगी दगावल्याच्या, लुळा पडल्याच्या, शुद्धीवर न आल्याच्या नोंदींनी अधिक झाली. प्रस्तुत लेख त्या दफ्तराविषयी आहे.

महारोहिणी हृदयाच्या डाव्या जवनिकेतून वर निघते, छातीच्या वरच्या भागात कमानीसारखी वळते, त्या कमानीतून मेंदूकडे व हातांकडे शाखा देते, आणि मग पाठीच्या कण्यालगत छाती व पोट यांतून खाली उतरत बेंबीच्या सुमारास दुभंगून दोन्ही पायांकडे जाते. प्रौढ माणसात तिची रुंदी सर्वसाधारणपणे दोन ते तीन सेंटिमीटर, भिंतीची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. आणि या भिंतीवर दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा रक्ताचा लोट आदळतो. भिंतीचे पदर तीन असून मधल्या पदरात लवचिक तंतूंचे थर एकावर एक रचलेले असतात. वाढत्या वयाने, वर्षानुवर्षे उपेक्षिलेल्या रक्तदाबाने, धूम्रपानाने किंवा जन्मतः असलेल्या दोषाने हे तंतू झिजले की दोहोंपैकी एक गोष्ट घडते. कधी भिंत हळूहळू फुगत जाते, हा ‘ॲन्युरिझम’. आणि तो वर्षानुवर्षे कसलीही चाहूल न देता वाढू शकतो. कधी आतल्या पदराला चीर पडून, कोटाचे अस्तर शिवणीपासून सुटत जावे तसे रक्त मधल्या पदरात घुसून त्याचे दोन भाग करीत जाते, हे डिसेक्शन. मग एका नळीच्या दोन नळ्या होतात, एक खरी व एक खोटी. खोटी फुगून खरीला दाबते, आणि ज्या शाखेचे तोंड त्या दाबाखाली येईल त्या शाखेचा अवयव, मग तो मेंदू असो, मूत्रपिंड असो वा पाय असो, उपाशी पडतो. चीर हृदयालगतच्या चढत्या भागात असेल तर त्या प्रकाराला स्टॅनफर्ड विद्यापीठातील शल्यविशारदांनी १९७० साली केलेल्या वर्गवारीनुसार ‘टाइप ए’ म्हणतात, आणि तेथे तातडीची शस्त्रक्रिया हाच मार्ग असतो. चढता भाग शाबूत असेल तर तो ‘टाइप बी’. या दुसऱ्या प्रकारात अन्य गुंतागुंत नसेल तर रक्तदाब व नाडीचा वेग औषधांनी खाली आणून रोग्यास वाचविता येते, हे मायरन व्हीट यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले.

फुगलेल्या महारोहिणीला हात लावण्याचे धाडस शस्त्रवैद्यांना फार उशिरा झाले. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातील ॲन्युरिझमभोवती १९४८ साली रुडॉल्फ निस्सेन यांनी सेलोफेनचा कागद गुंडाळला, कारण त्या काळी याहून अधिक काही करणे शक्य नव्हते. भोवती जखमेचा कठीण व्रण धरावा आणि भिंतीला आधार मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू. त्या आधारावर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये तो फुटला तेव्हा शस्त्रक्रियेचा मार्ग उपलब्ध झालेला होता, कारण पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी १९५१ सालीच असा फुगलेला भाग कापून काढून त्याजागी मृत देहातील रोहिणी शिवली होती. परंतु आइन्स्टाइन यांनी शस्त्रक्रियेस नकार दिला आणि १८ एप्रिल रोजी ते वारले.

मृत देहातील रोहिण्या मिळविणे दुर्घट आणि त्या टिकविणे त्याहून दुर्घट. ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी यांनी कापडाची नळी करून पाहण्याचे ठरविले. ते नायलॉन आणावयास शहरातील मोठ्या दुकानात गेले, नायलॉन संपले होते, म्हणून दुकानदाराने डेक्रॉन नावाचे नवे कापड पुढे केले. आणि लहानपणी आईने शिकविलेल्या शिवणकामाच्या बळावर डीबेकींनी घरच्या शिवणयंत्रावर त्या कापडाच्या नळ्या शिवल्या. सुती-रेशमी, नायलॉन अशी अनेक वस्त्रे शरीरात कुजतात, विरतात किंवा फाटतात. डेक्रॉन मात्र टिकले, आणि आजही जगभर महारोहिणीच्या जागी जो ग्राफ्ट शिवला जातो तो बहुधा त्याच पॉलिएस्टरचा असतो. डीबेकी, डेंटन कूली आणि ऑस्कर क्रीच या तिघांनी १९५५ मध्ये डिसेक्शनच्या शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात रोगी होते अवघे सहा.

येथून खऱ्या कथेस प्रारंभ होतो. महारोहिणी दुरुस्त करावयाची म्हणजे तिच्यातील प्रवाह काही काळ थांबवावयाचा. आणि तो थांबविला की जे अवयव त्या प्रवाहावर जगतात ते मरणाच्या वाटेस लागतात. हृदयापुरता प्रश्न जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने सोडविला होता. आजच्या शस्त्रक्रियागृहात ‘रोगी पंपवर घेतला’ असे म्हणतात ते हेच यंत्र. परंतु चीर महारोहिणीच्या कमानीतच असेल तर यंत्रही कामास येत नाही, कारण मेंदूला रक्त नेणाऱ्या शाखा ज्या भिंतीतून फुटतात तीच भिंत कापून काढावयाची असते.

त्यावरचा तोडगा थंडीत सापडला. स्टॅनफर्डचे रँडल ग्रीप व त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली चार रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. चौघांपैकी तिघे वाचले. पंपातून जाणारे रक्तच थंड करीत शरीराचे तापमान अठरा अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही उतरवावयाचे, डोक्याभोवती बर्फ ठेवावयाचा, आणि मेंदूची प्राणवायूची भूक किमान झाली की पंप बंद करावयाचा. त्या क्षणी हृदय चालत नाही, फुप्फुसे चालत नाहीत, यंत्र चालत नाही, मेंदूच्या विद्युल्लेखाची रेघ सपाट असते. आणि मिनिटे मोजणारा मनुष्य दर पाच मिनिटांनी काळ उच्चारीत असता शस्त्रवैद्य रक्तहीन कोरड्या कमानीत टाके घालीत असतो. या अवस्थेत अर्धा तास किंवा त्याहून थोडा अधिक काळ मेंदू बहुधा तगून राहतो. पाऊण तासाच्या पुढे मात्र पक्षाघाताचा धोका झपाट्याने वाढतो. हे कळले ते ज्यांचा पाऊण तास उलटला त्या रोग्यांच्या नोंदींवरून. पुढे जपानमध्ये तेरुहिसा काझुई आदी शल्यविशारदांनी मेंदूच्या शाखांत स्वतंत्र नळ्या घालून थंड रक्ताचा पुरवठा चालू ठेवण्याची रीत रूढ केली; त्यामुळे आता अनेक ठिकाणी शरीर इतके गोठविण्याचीही गरज उरलेली नाही. जर्मनीत हानोवरचे हान्स बोर्स्ट यांनी १९८३ मध्ये ग्राफ्टचे मोकळे टोक पुढच्या दुरुस्तीसाठी उतरत्या महारोहिणीत लोंबते सोडण्याची युक्ती काढली, जिला हत्तीची सोंड असे सार्थ नाव पडले.

मेंदूपेक्षाही अधिक वर्षे ज्या अवयवाने शस्त्रवैद्यांना छळले तो म्हणजे पाठीचा मज्जारज्जू. छाती आणि पोट या दोन्हींत पसरलेला ॲन्युरिझम दुरुस्त करावा, शस्त्रक्रिया सर्वार्थाने निर्दोष व्हावी, रोगी शुद्धीवर यावा, बोलावा, आणि पाय हलवावयास सांगितले असता ते हलू नयेत, ही आपत्ती ज्याने एकदा पाहिली त्याला ती विसरता येत नाही, असे या शाखेतील लोक सांगतात. कारण असे की, मज्जारज्जूला रक्त पुरविणाऱ्या बारीक शाखा उतरत्या महारोहिणीच्या पाठीकडील अंगातून जोडीजोडीने फुटतात. त्यांतील सर्वांत ठळक शाखेचे वर्णन क्राकोचे आल्बर्ट आदामकीविच यांनी १८८२ मध्ये केले होते. ग्राफ्ट शिवताना या शाखांतील कित्येक बंद होतात.

ह्यूस्टनमध्येच स्टॅन्ली क्रॉफर्ड यांनी या शस्त्रक्रियेत आयुष्य घालविले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० ते १९९१ या काळातील १,५०९ रोग्यांचा समग्र हिशेब १९९३ साली प्रसिद्ध केला, क्रॉफर्ड यांच्या निधनानंतर. त्या हिशेबात स्वच्छ लिहिले आहे की, शंभरांपैकी सोळा रोग्यांचे पाय पूर्णतः किंवा अंशतः लुळे पडले. आणि ज्यांची जवळजवळ सर्व उतरती महारोहिणी बदलावी लागली त्यांच्यात हे प्रमाण एकतीसपर्यंत गेले. त्या काळी या विषयात ज्यांच्या तोडीचा दुसरा हात नव्हता त्या माणसाने आपल्या तीस वर्षांच्या कामगिरीचा असा ताळेबंद जगापुढे मांडावा, याला मी उच्च कोटीचे शौर्य समजतो. कारण याच आकड्यांनी पुढच्या पिढीला तिचे काम नेमून दिले.

मज्जारज्जूच्या भोवती जो द्रव असतो त्याचा दाब शस्त्रक्रियेत वाढतो आणि आधीच रोडावलेल्या रक्तपुरवठ्याला तो आणखी अडवितो. तेव्हा कमरेतून बारीक नळी घालून हा द्रव काढीत राहावा, अशी कल्पना होती. क्रॉफर्ड यांनी स्वतः चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रोगी दोन गटांत विभागून ती तपासली आणि १९९१ मध्ये प्रांजळपणे जाहीर केले की लाभ दिसला नाही. त्या प्रयोगात किती द्रव काढावा यावर कडक मर्यादा होती. पुढे त्यांचे शिष्य जोसेफ कोसेली यांनी ती मर्यादा सैल करून १४५ रोग्यांवर पुन्हा तशीच रीतसर चाचणी केली. २००२ साली निकाल आला: द्रव न काढलेल्या ६९ रोग्यांत नऊ जणांचे पाय गेले, द्रव काढलेल्या ७६ रोग्यांत दोघांचे. गुरूच्या नकारार्थी निष्कर्षाचा तपशील पूर्ण होता म्हणून शिष्याला त्यातील फट दिसली. निष्कर्षच दडपला गेला असता तर बहुधा कोणी पुन्हा त्या वाटेस गेलेच नसते.

याच नोंदींतून दुसरी एक विलक्षण गोष्ट बाहेर आली. काही रोगी शुद्धीवर येतात तेव्हा पाय उत्तम हलवितात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा, रक्तदाब जरासा उतरल्याचे निमित्त होऊन पाय बधिर पडतात. शस्त्रक्रियेच्या मेजावर इजा झाली असती तर असे घडले नसते. यावरून ग्रीप व त्यांचे सहकारी क्रिस्टियान एट्झ यांनी असे प्रतिपादन केले की मज्जारज्जू एखाद्या शाखेवर विसंबून नाही. कणा आणि पाठीचे स्नायू यांत पसरलेल्या बारीक वाहिन्यांच्या जाळ्यावर तो जगतो, आणि मुख्य शाखा गेल्यावर या जाळ्याला मोठे होण्यास काही दिवसांची सवड लागते. त्या सवडीच्या काळात रोग्याला जपावयाचे. म्हणून आता आयसीयूमधील परिचारिका तासातासाला रोग्याजवळ जाऊन अंगठा हलवा, गुडघा उचला, टाच दाबा, असे सांगते आणि तक्त्यावर लिहिते. मागच्या तासापेक्षा जोर कमी भासला की तिने कोणाची वाट पाहावयाची नाही. रक्तदाब औषधाने चढवावयाचा, रक्तातील लाल पेशींचे प्रमाण वाढवावयाचे, कमरेतील नळीतून द्रव काढावयाचा, पण तोही बेताने, कारण फार झपाट्याने काढला तर डोक्यात रक्तस्राव होण्याचे भय असते. हे वेळेवर झाले तर गेलेले पाय परत येऊ शकतात. येथे साऱ्या विद्वत्तेचा भार एका परिचारिकेच्या तासातासाच्या नोंदीवर येऊन ठेपतो, आणि तो तेथेच असावा हे योग्य आहे.

नोंद असली म्हणजे सत्य हाती लागतेच असे मात्र नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या न्यूमन प्रभृतींनी बायपास झालेल्या २६१ रोग्यांची स्मरण-आकलनशक्ती पाच वर्षे तपासली आणि २००१ मध्ये लिहिले की, रुग्णालय सोडताना शंभरांत त्रेपन्न जणांची बुद्धी मंदावलेली होती, सहा महिन्यांनी हे प्रमाण चोवीसपर्यंत उतरले, आणि पाच वर्षांनी पुन्हा बेचाळीसवर गेले. हृदय-फुप्फुस यंत्रच दोषी, असा समज दूरवर पसरला. पुढे जॉन्स हॉपकिन्समधील ओला सेल्नेस आदींनी हृदयाचाच विकार असलेल्या परंतु शस्त्रक्रिया न झालेल्या रोग्यांशी तुलना केली, तेव्हा दीर्घकाळानंतरची घसरण दोन्हीकडे सारखीच आढळली. रोहिण्या कठीण करणारा मूळ रोगच मेंदूतही आपले काम करीत होता. जमेच्या बाजूशेजारी खर्चाची बाजू न मांडता शिल्लक काढू पाहणाऱ्या कारकुनाला जो ठेच लागण्याचा संभव असतो तोच संशोधकालाही असतो.

डिसेक्शनच्या बाबतीत अडचण वेगळीच होती. हा रोग दुर्मीळ. कोणत्याही एका रुग्णालयात वर्षाला थोडेच रोगी यावयाचे, आणि त्यांवरून बांधलेले आडाखे ज्याच्या त्याच्या अनुभवाइतकेच मर्यादित राहावयाचे. १९९६ साली सहा देशांतील बारा मोठ्या रुग्णालयांनी एकत्र येऊन समान नमुन्याचे नोंदपत्रक ठरविले: कळ कशी उठली, कोठे उठली, कोणती नाडी लागत नव्हती, क्ष-किरण चित्रात काय दिसले, काय उपचार केले, अखेर काय झाले. या आंतरराष्ट्रीय नोंदवहीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयरॅड’ म्हणतात. तीन वर्षांत ४६४ रोग्यांची पत्रके जमली आणि २००० साली त्यांचा गोषवारा प्रसिद्ध झाला.

तो गोषवारा वाचताना पाठ्यपुस्तकांची कित्येक पाने बाजूस सरकतात. विद्यार्थ्यांना शिकविले जाई की या रोगात काहीतरी टर्रकन फाटल्यासारखी वेदना होते. परंतु रोग्यांच्या तोंडून ‘फाटल्यासारखी’ असे निम्म्या वेळीच आले, ‘तीव्र, भोसकल्यासारखी’ असे त्याहून अधिक वेळा आले. ठामपणे म्हणावयाचे तर एकच म्हणता येत होते की शंभरांत पंचाऐंशी जणांची कळ एकाएकी आणि आरंभीच कमाल तीव्रतेने उठली. दोन्ही हातांच्या नाडीत फरक असणे हे निदानाचे ठळक लक्षण मानले जाई. प्रत्यक्षात नाडी क्षीण किंवा लुप्त असलेले रोगी शंभरांत जेमतेम पंधरा. शंभरांत बाराजणांचे छातीचे क्ष-किरण चित्र सर्वथा प्राकृत होते. आणि बहात्तर जणांना रक्तदाबाचा पूर्वेतिहास होता. टाइप ए प्रकारात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सव्वीस टक्के दगावले, ज्यांची होऊ शकली नाही त्यांच्यापैकी अठ्ठावन्न टक्के. पुढे या नोंदवहीत पाच हजारांवर टाइप ए रोग्यांची पत्रके जमल्यावर, २०२२ मध्ये असेही दिसले की, शस्त्रक्रियेविना तासामागे एक ते दोन टक्के रोगी दगावतात हा १९५० च्या दशकापासून चालत आलेला दाखला आजच्या औषधोपचारांत अर्ध्या टक्क्यावर आलेला आहे. अर्धा टक्का हाही तासाचा हिशेब आहे. दोन दिवसांत तो चोवीसाच्या घरात जातो.

आपल्याकडे छातीत कळ आली की घरचे प्रथम म्हणतात, गॅस झाला असेल. आणि दवाखान्यात पोचल्यावर हृदयविकाराचा झटका गृहीत धरून रक्त पातळ करणारे औषध दिले जाण्याचा संभव असतो. झटक्यात जे औषध प्राण वाचविते तेच डिसेक्शनमध्ये प्राणावर बेतू शकते. एकाएकी उठलेली, पाठीत किंवा पोटात सरकलेली, हृदयालेखात जिचा नीट उलगडा होत नाही अशी कळ असेल तर सीटी स्कॅनवाचून निर्णय होत नाही, हे त्या नोंदवहीने जगाला पटविले.

नोंदी करणाऱ्यालाही रोग सोडीत नाही. ३१ डिसेंबर २००५ रोजी दुपारी सत्त्याण्णव वर्षांचे मायकेल डीबेकी घरी एकटेच व्याख्यानाची तयारी करीत बसले असता छातीतून मानेकडे व खांद्यांकडे जाणारी भीषण कळ आली, आणि त्यांनी स्वतःच निदान केले की हे डिसेक्शन. १९६५ साली त्यांनी जी वर्गवारी प्रसिद्ध केली होती तिच्यातील दुसऱ्या वर्गात ते बसले. त्यांनी आरंभी रुग्णालयात जाण्याचे नाकारले. पुढे दाखल झाले तरी शस्त्रक्रिया नको अशी त्यांची इच्छा नोंदलेली होती. ते शुद्ध हरपून बसले तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांनी काम करण्यास नकार दिला, रुग्णालयाची नीतिविषयक समिती रात्री बसली, पत्नीने आग्रह धरला, आणि अखेर फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांचे दीर्घकाळचे सहकारी जॉर्ज नून यांनी सुमारे सात तासांच्या शस्त्रक्रियेत डेक्रॉनची नळी त्यांच्या छातीत शिवली. पुढचे आठ महिने श्वासयंत्र, डायलिसिस, नळीतून अन्न अशी बहुतेक सर्व संकटे त्यांनी भोगली. ते बरे झाले, कामावर परतले, शस्त्रक्रिया झाली हे उत्तम झाले असेही म्हणाले, आणि ११ जुलै २००८ रोजी शंभरीस दोन महिने उणे असता वारले. या यशाने माझे समाधान पुरते होत नाही. रोगी शुद्धीत असता दिलेला नकार निकाल चांगला लागला म्हणून मागाहून रद्दबातल ठरत नाही. तो रात्री बसलेल्या समितीपुढचा प्रश्न होता आणि आजही प्रत्येक आयसीयूच्या दारात तो तसाच उभा आहे.

ज्यांच्या महारोहिणीचे तंतू जन्मतः दुबळे असतात त्यांच्या बाबतीत आशेने एकदा मोठी झेप घेतली. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फां यांनी १८९६ मध्ये लांबसडक बोटांच्या एका लहान मुलीचे वर्णन केले. मार्फां यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारातील सदोष जनुक १९९१ मध्ये सापडले. २००६ साली हॅल डीट्झ यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर रक्तदाबाच्या लोसार्टन या साध्या औषधाने महारोहिणीची वाढ थांबली, तेव्हा घरोघरी, जेथे बाप-काका चाळिशीत गेले होते अशा घरी, नवे दिवस आल्यासारखे वाटले. २०१४ साली ६०८ मुले व तरुण यांच्या चाचणीत मात्र लोसार्टन हे जुन्या ॲटेनोलॉलपेक्षा सरस ठरले नाही. परंतु काम तेथे संपले नाही; निरनिराळ्या चाचण्यांतील प्रत्येक रोग्याची मूळ पत्रके एकत्र करून २०२२ मध्ये फेरमोजणी झाली, तेव्हा या वर्गातील औषधांनी वाढीचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो असे दिसले. उंदराएवढा चमत्कार नव्हे, पण वर्षांची मुदतवाढ खरी.

मुंबईचे नाव या दफ्तरात सन्मानाने आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या विभागाकडे असे तरुण रोगी येत, त्यांत मुली बऱ्याच, की ज्यांचा हाताचा रक्तदाब फार चढलेला आणि पायांची नाडी लागत नसलेली. महारोहिणी छातीच्या खालच्या भागात व पोटात आकसलेली आढळे. सेन, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. सुमन किनरे, इंजिनियर आणि परुळकर यांनी १९६३ मध्ये ब्रिटिश हृदयविज्ञान नियतकालिकात या अवस्थेचे वर्णन ‘मिडल एऑर्टिक सिंड्रोम’ या नावाने केले, आणि ते नाव जगभर रूढ झाले. जपानी नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये ज्या विकाराची डोळ्यातील खूण प्रथम टिपली, तोच दाह आपल्याकडे पुष्कळदा महारोहिणीच्या खालच्या भागास धरतो, जपानात कमानीस अधिक धरतो. क्षयाशी त्याचा काही संबंध असावा काय, हा प्रश्न किनरे यांनी शवविच्छेदनांच्या आधारे १९७० मध्ये मांडला. पुढे या मंडळींनी १०१ रोग्यांवर आधारलेला ग्रंथ सिद्ध केला. शस्त्रवैद्याने कापावे आणि विकृतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याला उलट प्रश्न विचारावा, ही शिस्त त्या विभागात होती. आजच्या कित्येक चकचकीत इस्पितळांत शवविच्छेदन जवळजवळ होतच नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते.

माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्रातील ज्या ज्या रुग्णालयात महारोहिणीवर शस्त्रक्रिया होते त्याने दरसाल आपला आकडा जाहीर करावा: किती रोगी आले, कळ उठल्यापासून मेजावर येईपर्यंत किती तास गेले, किती वाचले, किती जणांना पक्षाघात झाला, किती जणांचे पाय गेले, किती जणांना डायलिसिस लागले. अवघड रोगी घेणाऱ्याचा आकडा वाईट दिसेल हा आक्षेप खरा आहे. म्हणून वय, तातडी, पूर्वीचे विकार हे रकानेही त्याच पत्रकात असावेत. आणि कुटुंबीयांनीही आपल्या बाजूची नोंद सांभाळावी. ज्यांच्या घरी कोणी पन्नाशीच्या आत एकाएकी गेले, ज्याला डिसेक्शन झाले, त्याच्या भावंडांनी व मुलांनी एकदा इकोकार्डिओग्राफी करून महारोहिणीची रुंदी मोजून घ्यावी आणि तो अहवाल जपून ठेवावा, कारण दोन वर्षांनी काढलेल्या अहवालाशी ताडून पाहिल्यावाचून वाढ कळत नाही. ज्याला ॲन्युरिझम आहे त्याने फ्लुरोक्विनोलोन जातीचे प्रतिजैविक घेण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे. अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी २०१८ मध्ये तशी सूचना काढली आहे. आणि कळ उठलीच, तर कोणीतरी घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहावी, चालू औषधांची नावे त्याखाली लिहावी, घराण्यात असा मृत्यू झाला असल्यास तोही लिहावा, आणि रुग्णवाहिकेत बसताना तो कागद खिशात असावा. कारण तातडीच्या विभागात पहिला प्रश्न, कळ नेमकी केव्हा उठली, हाच विचारला जातो.